एकाच फळीवर एकाच मापात: ॲम्बॅसेडर, फियाट, जिप्सी यांसाठी १:४३ घ्यावं की १:६४?

पीबीरोड_निपाणी

मंडळी, नमस्कार. मी निपाणीचा. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. काउंटरमागच्या रॅकची सगळ्यात वरची, पावणेचार फुटांची फळी मी तारेची रिळं हलवून मोकळी केली आहे आणि तिच्यावर काय मांडायचं ते पक्कं आहे. महामार्ग चौपदरी व्हायच्या आधी, मी शाळेत असताना, आमच्या पीबी रोडवरून, म्हणजे पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून, ज्या गाड्या जायच्या, फक्त त्यांचीच छोटी मॉडेलं. फेरारी नको, लॅम्बोर्गिनी नको. त्या निपाणीवरून कधी गेल्या नाहीत.

यादी अशी आहे. पांढरी ॲम्बॅसेडर, फियाट म्हणजे पद्मिनी, मारुती ८००, बेळगावला मराठा सेंटरकडे जाणारी मिलिटरीची हिरवी जिप्सी, कागल-निपाणी वडाप (माणसं भरून फेऱ्या) करणारी महिंद्राची जीप, तंबाखूची पोती घेऊन जाणारी मॅटॅडोर, बॉनेटवाला टाटाचा ट्रक, आणि जमलं तर महाराष्ट्राची एसटी व कर्नाटकची बस शेजारी शेजारी.

आता माझ्याकडे काय आहे ते सांगतो. एक धातूची ॲम्बॅसेडर टॅक्सी, १:४३, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या भागाएवढी. युरोपात जगभरच्या टॅक्सींची मालिका निघाली होती त्यातली, कोल्हापूरच्या एका संग्राहकाकडून घेतलेली. दुसरी ॲम्बॅसेडर प्लास्टिकची, मागं ओढून सोडली की पळणारी, बेळगावात खडेबाजारात मिळाली. बाकी सगळ्या तीन इंची, दुकानात १:६४ म्हणून मिळतात तशा: बीटल, जुनी मिनी, डिफेंडर आणि नवी जिमनी.

अडचण अशी की या सगळ्या शेजारी ठेवल्या की डोळ्यांना खुपतं. मिनी आणि डिफेंडर जवळजवळ सारख्याच लांबीच्या दिसतात. खऱ्या रस्त्यावर असं कधी दिसेल का? आणि प्लास्टिकची ॲम्बॅसेडर मला पहिल्यापासून चुकीची वाटते. जाळी बरोबर आहे, दिवे बरोबर आहेत, बॉनेटचा फुगवटा तर सुरेख उतरवला आहे, तरी लांबून बघितली की ती ॲम्बॅसेडर वाटत नाही. का वाटत नाही ते मला बोट ठेवून सांगता येत नाही.

म्हणून तीन प्रश्न. पहिला, या फळीसाठी १:४३ धरू की १:६४? दुसरा, दोन मॉडेलं समोर ठेवून खरी कुठली हे ठरवायची तुमची रीत काय? तिसरा, जिमनीला हिरवा रंग मारून ती जिप्सी म्हणून ठेवली तर चालेल का? महिन्याला हजार-बाराशे रुपये बाजूला टाकू शकतो, त्याहून जास्त नाही.

टिळकवाडी_पेग

दादा, मी तर १:६४ म्हणेन. कारण सरळ आहे, मिळतं ते. बेळगावात स्टेशनरीच्या दुकानातसुद्धा हॉट व्हील्स लटकलेल्या असतात, साधी गाडी दोनशेच्या आतबाहेर पडते. १:४३चं तसं नाही, ऑनलाइन शोधत बसा, नाहीतर कुणी तरी संग्रह मोडायची वाट बघा. २०२० साली खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून एकदम ६० झाली, मग २०२३ला ७०. २०२१च्या जानेवारीपासून खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. तेव्हापासून बाहेरचा माल कमी येऊलालाय आणि आला तर महाग येऊलालाय. तुमच्या हजार-बाराशेत १:४३चं चांगलं मॉडेल एका महिन्यात बसणं अवघड.

एक गोष्ट मात्र जपा. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत ‘अमुक सालची’ म्हणून भाव सांगतात, त्यावर जाऊ नका. हॉट व्हील्सच्या पोटावर जे साल असतं ते त्या साच्याच्या कॉपीराइटचं असतं, गाडी त्या साली बनली असं नाही. बनल्याची तारीख बघायची तर पोटावरच एक छोटा शिक्का असतो, एक अक्षर आणि दोन आकडे. अक्षर वर्षाचं, आकडे आठवड्याचे. २००८पासून हे आहे. आणि ‘ट्रेझर हंट’, म्हणजे कमी निघालेली दुर्मिळ गाडी, म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर कार्डावर गाडीच्या मागं ज्वाळेची खूण आहे का बघा. ‘सुपर ट्रेझर हंट’ असेल तर रंग चमकदार, टायर रबरी आणि गाडीवर कुठं तरी टीएच लिहिलेलं असतं. तुमच्या फळीला याचा उपयोग नाही हे मला कळतं, पण अदलाबदलीत कुणी गळ्यात मारू नये म्हणून सांगितलं.

उद्यमबाग_डायशॉप

टिळकवाडीच्या भावानं बाजाराचं सांगितलं ते बरोबरच आहे. पण निपाणीच्या दादांचा प्रश्न मापाचा आहे आणि मापाला उत्तर मोजूनच मिळतं. मी बेळगावच्या उद्यमबागेत प्रेशर डायकास्टिंगच्या शॉपमध्ये काम करतो, म्हणजे वितळलेला धातू दाबानं डायमध्ये, पोलादी साच्यात, भरायचं काम. आमचा माल ॲल्युमिनियमचा, पंपाचे आणि व्हॉल्वचे भाग. पण डाय ती डायच. घरी काचेच्या कपाटात १:४३च्या गाड्या आहेत, प्रत्येक मी मोजून घेतलेली आहे.

रीत अशी. आधी व्हीलबेस मोजा, म्हणजे पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत. खऱ्या गाडीचा व्हीलबेस भागिले मॉडेलचा व्हीलबेस, जो आकडा येईल ते स्केल. मग तेच रुंदीचं करा, उंचीचं करा, एकूण लांबीचं करा. चारही उत्तरं एकमेकांच्या जवळ आली तर मॉडेल खरं. स्केल ४३ येतं की ४१ येतं याला मी फार किंमत देत नाही, चारी बाजूंनी एकच यायला पाहिजे. बॉक्सवर काय छापलंय ते बाजूला ठेवा.

ॲम्बॅसेडरचे आकडे लिहून घ्या: व्हीलबेस २४६४ मिमी, लांबी ४३२५, रुंदी १६६२, उंची १५९३. १:४३ला व्हीलबेस ५७.३ यायला हवा, लांबी १००.६, रुंदी ३८.७, उंची ३७. फियाट ११००चा, म्हणजेच पद्मिनीचा, व्हीलबेस २३४०, म्हणजे ५४.४. मारुती ८००चा, १९८६नंतरच्या आकाराचा, २१७५, म्हणजे ५०.६. या तिघी एका रांगेत ठेवल्या की दर गाडीला तीन-चार मिलिमीटरनं चाकं जवळ येत गेलेली दिसली पाहिजेत. पीबी रोडवर आपण हाच फरक लांबून ओळखायचो आणि ॲम्बॅसेडर आली की फियाट हे सांगायचो.

आता तीन इंची गाड्यांचं. त्या एका मापाच्या कधीच नसतात, आणि त्यात कुणाची फसवणूक नाही. पाकीट एकच, म्हणून गाडी पाकिटात बसवायची असते. १९५३ला मॅचबॉक्स निघाल्या तेव्हापासून हीच पद्धत आहे, डबी सारखी आणि आतली गाडी डबीइतकी. लंडनची ती दुमजली रूटमास्टर बस खरी साधारण ८.४ मीटरची, ती ७५ मिमीत बसवली की स्केल झालं १:११२. जुनी मिनी खरी ३०५४ मिमी. खऱ्या १:६४ला ती पावणेपाच सेंटिमीटरची व्हायला हवी, एवढीशी गाडी पाकिटात कोण घेणार? म्हणून ती मोठी करतात. दादांची मिनी डिफेंडरएवढी दिसते ती यामुळं.

डिफेंडर तपासायला सगळ्यात सोपी. ११० म्हणजे व्हीलबेसचे इंच, २७९४ मिमी. खऱ्या १:६४ला ४३.७ मिमी यायला हवा. पण ९० असेल तर जपून, तिचा व्हीलबेस ९० इंच नाही, ९२.९ आहे. मिनी जीटीसारख्या कंपन्या खरं १:६४ धरून बनवतात, पण ती एकेक गाडी हजाराच्या पुढं जाते. मग टिळकवाडीच्या भावाचा स्वस्ताईचा मुद्दा उरत नाही.

पुढं डायचं. हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

खेळण्यातल्या गाडीची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते, जस्तात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम आणि थोडं मॅग्नेशियम, तांबं. आमचं ॲल्युमिनियम साडेसहाशे अंशांच्या आसपास तापवून ओतावं लागतं. हे मिश्रण चारशेच्या आतच पातळ होतं, म्हणून डाय फार वर्षं टिकते आणि बारीक रेघ स्वच्छ उठते. पण कितीही पातळ झालं तरी धातूला डायमध्ये वाहायला जागा लागते. खऱ्या गाडीच्या पुढच्या काचेशेजारचा खांब समजा ५० मिमीचा आहे. १:४३ला तो १.२ मिमी होतो, तिथपर्यंत धातू निभावून नेतो. १:६४ला तो ०.८ होतो. एवढ्या अरुंद वाटेत धातू मध्येच गार पडला तर खांब अर्धवट भरतो आणि तो शॉट, म्हणजे ती ओतणी, भंगारात जातो. म्हणून डाय बनवणारा खांब जाड ठेवतो. खांब जाड झाले की काचा बारीक होतात, टप जड दिसतो, आणि गाडीचा चेहराच बदलतो. १:६४च्या जुन्या वळणाच्या गाड्या, बीटल असो की फियाट, जरा रागावलेल्या दिसतात त्याचं कारण इथं आहे.

दुसरं, ड्राफ्ट. डायमधून बॉडी सुटायला बाजूंना थोडा उतार द्यावाच लागतो, साधारण एक अंश. ॲम्बॅसेडरची बाजू मुळातच गोलाईची, तिथं तो उतार लपतो. बसची बाजू सरळ उभी असते, तिथं तो उघडा पडतो. म्हणून चांगल्या बस बहुतेक वेळा प्लास्टिकच्या किंवा रेझिनच्या निघतात, धातूच्या कमी.

मॉडेल हातात आलं की मी आधी काय बघतो? उलटं करतो. रिव्हेट कसे दाबलेत, बेस बॉडीला चिकटून बसलाय का, हे बघतो. मग दाराच्या फटीवर नख फिरवतो. रंग जाड असेल तर फट बुजलेली लागते, डायमध्ये ती कितीही खोल असली तरी. मडगार्डच्या आतल्या कडेला हात लावतो, तिथं पार्टिंग लाइनचा, म्हणजे डायचे दोन भाग जुळतात त्या रेघेचा, काटा राहिला असेल तर फेटलिंग (कडा घासून साफ करणं) नीट झालेलं नाही, आणि ज्यानं तिथं हात आखडला त्यानं दुसरीकडंही आखडलेला असतो. शेवटी चाक. ॲम्बॅसेडरचा टायर ५.९०-१५, बाहेरून साधारण ६५० मिमी, म्हणजे १:४३ला १५ मिमी. चाक मोठं केलं की गाडी रांगडी दिसते, बारीक केलं की पोट जमिनीला टेकल्यासारखं वाटतं.

माझं मत सांगतो: १:४३. हे माप खेळण्यातल्या आगगाडीवरून आलेलं. हॉर्नबीच्या रेल्वेशेजारी ठेवायला म्हणून गाड्या काढल्या, त्यांच्या १९३४पासून डिंकी टॉईज झाल्या, आणि युरोपात ते माप रुजलं. त्यामुळं ज्या खऱ्या गाड्यांची मुळं युरोपात आहेत त्या १:४३ला सापडतात, आणि दादांच्या यादीतल्या बऱ्याच गाड्यांची मुळं तिकडचीच आहेत. ॲम्बॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी ही फियाट ११००. टाटाचा ट्रक १९५४च्या डेम्लर-बेंझच्या करारातून आला, सुरुवातीच्या ट्रकांवर मर्सिडीजचा ताराच होता. फियाट ११००ची इटालियन मॉडेलं आणि मर्सिडीजचे जुने बॉनेटवाले ट्रक १:४३मध्ये निघालेले आहेत. घेताना साल आणि नाक-डोळे तेवढे जुळवा.

जागाही पुरते. पावणेचार फूट म्हणजे ११४० मिमीच्या वर. गाड्या नाक पुढं करून लावल्या तर एकीला चार-पाच सेंटिमीटर. सात मीटरचा ट्रक १६३ मिमी, साडेदहा मीटरची बस २४४. बस मात्र आडव्याच ठेवा, बाजूनं बघितल्याशिवाय एसटी ही एसटी वाटत नाही. महिन्याला एक नाही, तीन महिन्यांना एक घ्या. फळी हळूहळू भरली तरी चालेल, पण भरलेली प्रत्येक गाडी मापात असू दे.

दादा, तुमच्या दोन्ही ॲम्बॅसेडर मोजून आकडे इथं टाका. मग दुसऱ्या प्रश्नाचं बोलू.

पीबीरोड_निपाणी

मोजल्या. तारेसाठी मायक्रोमीटर दुकानात असतोच, व्हर्नियर शेजारच्या लेथवाल्याकडून आणला.

धातूची टॅक्सी: व्हीलबेस ५७.५, रुंदी ३९, उंची ३७, लांबी १००.५. भागाकार केला, ४२.९, ४२.६, ४३.१, ४३.०. मी तो कागद फळीला टाचणीनं लावून ठेवला आहे.

प्लास्टिकची: व्हीलबेस ७२, रुंदी ५१, उंची ५०, लांबी १२४. यांचे आले ३४.२, ३२.६, ३१.९, ३४.९. म्हणजे लांबीला ती १:३५ आणि उंचीला १:३२! इतकी वर्षं जे खुपत होतं ते हेच. लांबी कमी, उंची जास्त. खरी ॲम्बॅसेडर गोल असली तरी लांब आहे, मागं डिकी चांगली पसरलेली. हिला तो पसरटपणाच नाही.

एक विचारतो. जाळी आणि दिवे इतके मनापासून काढणाऱ्या माणसानं लांबीच का कापली असेल?

उद्यमबाग_डायशॉप

मागच्या एक्सलवर पुल-बॅकचा डबा बसवावा लागतो. स्प्रिंग आणि दातेरी चाकांचा तो तयार डबा असतो, त्याची रुंदी-उंची ठरलेली. गाडी त्याच्यावर बेतावी लागते, म्हणून मागची सीट असते तिथं प्लास्टिकचा ओटा दिसतो. रुंदी-उंची डब्यानं वाढवली, आणि लांबी वाढवायची तर खोकं मोठं, प्लास्टिक जास्त, किंमत वर. मुलाच्या हातात द्यायची गाडी म्हणून ती उत्तम आहे. धावते, पडली तर मोडत नाही, आणि आपल्याकडच्या गाड्या जशा आपण बघितल्या तशा खेळण्यात आणायचं काम प्लास्टिकवाल्यांनीच जास्त केलंय, हे मान्य केलं पाहिजे. ती ठेवा, पण खालच्या फळीवर.

तुमची टॅक्सी मात्र जपा. चार आकड्यांत अर्ध्याहून जास्त फरक नाही, असं क्वचित येतं. आता तिची जाळी बघा. बारीक चौकड्यांची उंच जाळी असेल तर मार्क टू या आवृत्तीचं वळण, आडव्या पट्ट्या असतील तर मार्क थ्रीचं. बेसवर किंवा कार्डावर साल छापलेलं असतं, त्याच्याशी जुळतंय का बघा. मार्क टू १९६२ची, थ्री १९७५ची, फोर १९७९ची. तुम्ही शाळेत असतानाची कुठली ते तुम्हालाच ठाऊक.

खानापूर_स्टेशनरोड

दादा, फळी दुकानात आहे म्हणालात म्हणून लिहिते. मापाचं सगळं या भावांनी सांगितलं, मी टिकवण्याचं सांगते. आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीला हात लावला तरी ओला होतो, त्यामुळं हे मला शिकावंच लागलं.

माझ्या मामांनी गोव्याहून आणलेल्या जुन्या गाड्या माझ्याकडं आहेत. त्यातल्या एकीच्या बॉनेटवर आधी रंगाचे बारीक फोड आले. मला वाटलं दमटपणा असेल. मग फोडाखाली केसाएवढ्या भेगा दिसल्या, दार फुगून फटीत अडकलं, आणि वर्षभरात मागचा कोपरा बोटानं दाबला तरी चुरा व्हायला लागला. याला झिंक पेस्ट म्हणतात, म्हणजे जस्ताची कीड. जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियम मिसळलं गेलं असेल तर आतूनच धातू फाटत जातो. त्याला औषध नाही. दमट आणि गरम हवेत ते लवकर होतं एवढंच. एका गाडीचं दुसरीला लागत नाही, ती भीती बाळगू नका. महायुद्धाआधीच्या गाड्यांमध्ये हे फार, अलीकडच्या मालात कमी. जुनी गाडी घेताना बाजू सरळ आहेत का, दारं मोकळी उघडतात का आणि बेस वाकलाय का, एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पावसाळ्यात मी गाड्या काचेच्या कपाटात ठेवते, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे ओल्या झाल्या की कळतं, तव्यावर मंद आचेवर सुकवून परत वापरता येतात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. नव्या प्लायवूडच्या बंद खणात लगेच ठेवू नका, त्याचा वास जाईपर्यंत थांबा.

आणि टायर. मऊ टायर प्लास्टिकच्या पायावर वर्षानुवर्षं टेकून राहिले की त्यातला तेलकट अंश प्लास्टिकमध्ये उतरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. उचलायला जावं तर टायरचा ठसा खाली उमटलेला आणि टायर खालून चपटा. तुमच्या टॅक्सीच्या तळाला प्लास्टिकचा पाया असेलच, स्क्रूनं लावलेला. गाडी त्यावरून काढा, नाहीतर पोटाखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालून चाकं केसभर उचलून ठेवा.

आणखी एक, तुम्हाला आवडेल म्हणून. माझ्याकडं एक निकी टॉईजची गाडी आहे. डिंकीच्या जुन्या झालेल्या डाय कोलकात्यात विकल्या गेल्या आणि तिथं निकी नावानं गाड्या निघाल्या. तिच्या पोटावर डिंकीचं नाव जिथं होतं तिथला भाग खरवडून काढलेला आहे, भिंगातून बघितलं तर आडव्या ओरखड्यांचा चौकोन दिसतो. रंग जाड आहे, दिव्यांवर चांदीचा रंग हातानं लावलेला, एका बाजूला थोडा ओघळलेला. माझ्याकडच्या सगळ्यांत मला तीच जास्त आवडते. इंग्लंडच्या डायमधून आपल्या माणसांनी काढलेली गाडी आहे ती. उद्यमबागच्या दादांनी कधी खानापूरला आलात तर बघायला यावं, डाय किती झिजली होती ते तुम्हालाच नीट सांगता येईल.

कॅम्प_बेळगाव_निवृत्त

जिप्सीच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो. मी सैन्यात ड्रायव्हर होतो आणि जिप्सी चालवली आहे, चोर्ला घाटात, पावसात, धुक्यात.

जिमनीला हिरवा रंग मारून जिप्सी होणार नाही, साहेब. जिप्सी १९८५ला आली, ती सुझुकीच्या जुन्या एसजे गाडीची लांब आवृत्ती. जगभर जी दिसते ती आखूड, तिचा व्हीलबेस २०३०. आपल्याकडं आली तिचा २३७५, लांबी ४०१०. दारामागं जी जागा आहे ना, जिथं दोन्ही बाजूंना समोरासमोर बाकं आणि वर कॅनव्हास, तीच जिप्सी. ती जागा गेली तर पुढचा भाग कितीही जुळला तरी उपयोग नाही. मॉडेल घेताना ‘सामुराई’ किंवा ‘एसजे’ नाव बघून घेऊ नका, दाराच्या मागच्या कडेपासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत किती जागा आहे ते बघा. आखूड गाडीत दार संपलं की कमान लगेच सुरू होते.

महिंद्राच्या जीपचंही तसंच. दुकानात ‘जीप’ म्हणून युद्धातली विलीज देतात. तिच्या नाकावर नऊ फटी असतात, नागरी जीपला सात. आणि आपल्याकडं महिंद्रानं वर्षानुवर्षं बनवली ती उंच बॉनेटची सीजे-३बी. बॉनेट मडगार्डांच्या बरंच वर उचललेलं असतं. फटी मोजा आणि बॉनेट बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पीबीरोड_निपाणी

साहेब, फार आभार. फटी मोजायचं तर डोक्यातही आलं नव्हतं. ताई, टॅक्सी आजच पायावरून काढली. एका टायरवर चपटेपणा सुरू झालाच होता.

मग १:४३ ठरलं. फियाट शोधायला लागतो. पण जिप्सीचं करायचं काय? लांब व्हीलबेसची धातूची मला कुठं दिसलेली नाही.

उद्यमबाग_डायशॉप

१:४३ला लांब जिप्सीचा व्हीलबेस ५५.२ आणि आखूडचा ४७.२, म्हणजे बरोबर आठ मिलिमीटर घालायचे आहेत. आखूड एसजे मिळाली तर दारामागून कापून मध्ये पट्टी घालता येते. धातूची कापायची तर बारीक दातांची करवत, आणि जोडायला दोन भागांचा इपॉक्सी. डाख लावायच्या भानगडीत पडू नका, जस्त फार लवकर वितळतं, बॉडी हातात वाकेल. बेस पण तेवढाच वाढवावा लागेल, नाहीतर एक्सल जागेवर येणार नाही. वरून कॅनव्हास असल्यामुळं जोड झाकला जातो, म्हणून पहिल्या कामाला जिप्सी चांगली. रेझिनची किंवा थ्रीडी प्रिंटची मिळाली तर आणखी सोपं.

मारुती ८००साठी पण प्रिंटचाच विचार करा. फाइल घेताना लांबी ७७.६, व्हीलबेस ५०.६ आणि रुंदी ३३.५ हे तीन आकडे आधी मागा, चित्र बघून पैसे देऊ नका. मॅटॅडोर आणि दोन्ही बसचं खऱ्या गाड्या मोजूनच करावं लागेल. बस आगारात उभ्या असतात, विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. मॅटॅडोर तुमच्या बाजूला कुणाच्या शेडमध्ये, चालू नसली तरी, उभी असेल तर मला कळवा, रविवारी टेप घेऊन येतो. तोपर्यंत तुम्हीच गेलात तर व्हीलबेस दोन्ही बाजूंनी मोजा, चाकं सरळ करून, नटाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत. टायरच्या कडेपासून मोजू नका, जुन्या गाडीचे चारी टायर कधी सारखे नसतात.